जखीणमावशी आणि वन्सं

चिंचवड,
१५ जून १९७५

ती. वन्संना पद्माचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं फणसाचं साठं पोचलं. सुमेधा शाळेतून आली ती दप्तर खांद्यावर ठेवूनच डब्याशी बसली. नववीत गेली तरी तिची खादाडी तुमच्या भावासारखीच आहे.

एक विचारायचं होतं. हे गेल्यापासून सात वर्षांत तुम्हाला विचारल्याशिवाय मी मोठं काही केलेलं नाही. कंपनीने यांच्या जागी मला टेलिफोन बोर्डावर घेतलं, तेव्हाही तुम्ही ‘धर नोकरी’ म्हणालात म्हणूनच धरली.

गेल्या महिन्यात कंपनीचं स्नेहसंमेलन झालं. नाटकात एका म्हातारीचं काम होतं. ते करणाऱ्या अकाउंट्समधल्या बाईंची आयत्या वेळी दाढ सुजली आणि तोंडच उघडेना. कोणीतरी म्हणालं, बोर्डावरच्या पद्माबाईंना उभं करा, त्यांचा आवाज साऱ्या कारखान्याला पाठ आहे. मी नको नको म्हणेपर्यंत डोक्यावर पांढरा टोप चढलासुद्धा. पाहुणे होते मुंबईच्या टीव्हीचे एक निर्माते, दौलतराव शिर्के. नाटक संपल्यावर ते पडद्यामागे आले आणि म्हणाले, “बाई, हा आवाज टेलिफोनात का कोंडून ठेवलाय?”

ते टीव्हीवर दर गुरुवारी संध्याकाळी गोष्टींचा कार्यक्रम सुरू करताहेत. छोटं नाटुकलं असतं. त्याच्या आधी आणि नंतर एका बाईने बसून चार वाक्यं बोलायची. महिन्यातून दोन शनिवार मुंबईला जायचं, सकाळच्या गाडीने निघून जेवायला घरी. तेवढा वेळ सुमेधाकडे शेजारच्या मृदुलाताई बघतील.

तुमचा होकार असेल तरच जाईन.

तुमची,
पद्मा


देवरुख,
२४ जून १९७५

चि. पद्मा हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, “अवश्य कर म्हणावं.” मी म्हटलं, विचारलंय मला, तुम्हाला नव्हे. तर आता मी सांगते, अवश्य कर.

इकडे टीव्ही कोणी बघितलेला नाही. हे हेडमास्तर असून ह्यांनाही समजावता येईना. “रेडिओला खिडकी” एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

गोष्टी चांगल्या सांग गो. ध्रुवाची सांग, श्रावणबाळाची सांग. तिन्हीसांजेची वेळ असते, मुलं घाबरतील असलं काही तोंडातून काढू नकोस. फिकट रंगाचं लुगडं नेस. केस घट्ट बांध, तुझे सुटतात. खिडकीतून सगळं दिसत असणार.

आळीत सर्वांना सांगून झालं आहे की आमची भावजय मुंबईच्या टीव्हीवर पुराणातल्या गोष्टी सांगते. देवळातल्या बायका म्हणाल्या, गुरुदत्तच्या माघारी पोरीने नाव काढलं. मला भरून आलं.

सुमन


चिंचवड,
११ ऑक्टोबर १९७५

ती. वन्सं,

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. कार्यक्रम सुरू होऊन तीन महिने झाले आणि दिवस कुठे जातात कळत नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये टीव्ही एकच, तळमजल्यावर सदाशिवरावांकडे. गुरुवारी संध्याकाळी तिथे चपलांचा ढीग पडतो. खोलीत बत्तीस माणसं मोजली मी. मी स्वतः दारात उभी असते, कारण मी आत बसले की लोक पडद्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघतात. मुलं मला ‘मावशी’ म्हणतात. कार्यक्रमातलं माझं नावच तसं आहे.

बोर्डावर तर मजाच चालते. परवा एका दुसऱ्या कंपनीचा मॅनेजर फोनवर आला. मी नेहमीसारखं “नमस्कार, कोण हवंय?” म्हटलं, तर पलीकडून “अगं आई गं!” आणि फोन बंद. पाच मिनिटांनी पुन्हा आला. माफी मागितली आणि मुलीसाठी सही पाठवा म्हणाला. आमच्या मशीन शॉपमध्ये झाडूवाला आला की कामगार एकमेकांना म्हणतात, “पाय वर घ्या!” ते माझंच वाक्य आहे.

तुम्ही सांगितलेल्या गोष्टी मी दौलतरावांच्या कानावर घातल्या. ते बघू म्हणाले.

लुगड्याचा रंग टीव्हीवर दिसत नाही. सगळं काळं-पांढरंच असतं.

तुमची,
पद्मा


देवरुख,
१९ जानेवारी १९७६

पद्मा,

काल आमच्या धाकट्या जाऊबाईंचा भाचा भीमराज पुण्याहून आला होता. पंक्तीत मी कौतुकाने म्हटलं, आमच्या पद्माचा कार्यक्रम बघतोस की नाही? तो म्हणाला, “कोण, जखीणमावशी?” आणि भर पंक्तीत उठून त्याने नक्कल केली. केस पुढे घेतले, डोळे फिरवले आणि म्हणाला, “बसा, बाळांनो. घाबरायला आलात ना? मग पाय वर घ्या.” पोरं किंचाळली. वाढप्याच्या हातातून आमटी सांडली.

जखीण! विहिरीच्या काठावर बसतेस म्हणे. केस मोकळे सोडून. आणि मी आळीभर ध्रुवबाळ सांगत फिरले.

ते हसून सोडलंही असतं. पण भीमराज म्हणाला, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू असतं. खरं आहे का? माझा भाऊ गेला तेव्हा तुझं कपाळ मी माझ्या हाताने पुसलंय. त्या कपाळावर तू भुताचं कुंकू लावलंस? आणि ‘सगळं काळं-पांढरंच असतं’ असं गोड गोड लिहून मला फसवलंस?

ते काम सोडलंस की पत्र घाल. तोवर नको.

सुमन


चिंचवड,
२ फेब्रुवारी १९७६

ती. वन्सं,

पत्र नको म्हणालात तरी एवढं एक लिहिते. मी फसवलं, हे खरं. स्नेहसंमेलनातली ती म्हातारी नव्हती, चेटकीण होती. कार्यक्रम भुताखेतांचा आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही नाही म्हणाल म्हणून लपवलं.

आता कुंकवाचं. पहिल्या दिवशी रंगभूषेच्या आक्काबाईंनी बोट कुंकवात बुडवलं आणि मी त्यांचा हात धरला. म्हटलं, मला चालत नाही. त्या साठीच्या आहेत. स्वतःचं कपाळही मोकळंच. म्हणाल्या, “बाई, हे तुझं नाही, जखिणीचं आहे. काम झालं की पुसू.” मी हात सोडला. आरशात बघितलं आणि खुर्ची आरशाच्या आणखी जवळ ओढली. पडद्यावर ते काळं दिसतं, वन्सं. ते लाल आहे हे फक्त मला आणि आक्काबाईंनाच ठाऊक.

यांच्या माघारी मी कशाकशाला घाबरत होते ते तुम्हाला कधी लिहिलं नाही. सातच्या आत घरी न पोचण्याला घाबरायचे. दारावर कोणी थाप मारली की घाबरायचे. बोर्डावर एखादा साहेब ‘एकट्या राहता का?’ म्हणून विचारायचा, त्या आवाजाला घाबरायचे. आता तोच साहेब मला पॅसेजमध्ये बघून बाजूला सरकतो. गेल्या आठवड्यात बसमध्ये एका माणसाने उगाच खेटायला सुरुवात केली. मी मान वळवून फक्त हसले, कार्यक्रमात हसते तशी. तो पुढच्याच स्टॉपवर उतरला. कंडक्टर म्हणाला, “त्याचं तिकीट निगडीचं होतं!”

मला हे काम आवडतं. मी ते सोडणार नाही. तुमच्या परवानगीशिवाय केलेलं हे माझं पहिलंच काम. रागवा, पण सुमेधाला तरी पत्र घालत जा. ती रोज पोस्टमनची वाट बघते.

तुमची,
पद्मा


देवरुख,
१४ मार्च १९७८

चि. पद्मा,

दोन वर्षं पत्र नाही. दिवाळीला सुमेधाला चार ओळी लिहिल्या, त्या सोडून. आज लिहिते आहे, पण गैरसमज करून घेऊ नकोस.

जानेवारीत आमच्या ह्यांचा मोतीबिंदू काढायला पुण्याला आलो होतो. तीन आठवडे चुलतभावाकडे राहिलो. तुला कळवलं नाही. राग होता. तुझं घर तासाभरावर, आणि मी सदाशिव पेठेत वाती वळत बसलेली.

पहिल्या गुरुवारी त्यांच्याकडे टीव्ही लागला. मी पाठ करून बसले. ह्यांच्या डोळ्याला पट्टी, तेही नुसते ऐकत होते. तुझा आवाज आला आणि हे म्हणाले, “अगं, ही तर आपली पद्मा. किती मोकळं बोलते आहे!” मी म्हटलं, मोकळे नुसते केस आहेत. दुसऱ्या गुरुवारी मी अर्धी वळले. तिसऱ्या गुरुवारी तू म्हणालीस, “मागे कोण बसलंय, तिला विचारा, ती पुढे का येत नाही?” मी उठून पुढे जाऊन बसले. चुलतभावाची बायको हसली म्हणून मी तिच्यावर डाफरले.

मी घाबरले गो. खरंच घाबरले. आणि लगेच तू त्या भुताला “आधी पाय धुऊन ये, मग लोकांना झपाट” म्हणालीस, तेव्हा इतकी हसले की ह्यांना पाणी आणून द्यावं लागलं. डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाने माझ्यासाठी चाचपडत पाणी आणलं.

कुंकवाचं म्हणशील, तर मी तुझ्या कपाळाकडे नीट बघितलं. वाईट दिसत नव्हतं. गुरुदत्तने बघितलं असतं तर तो पहिल्यांदा हसला असता. घरी परत आल्यापासून हाच विचार करते आहे की त्याला काय वाटलं असतं, हे मला आधी का सुचलं नाही.

आता महत्त्वाचं. ज्याने तुमच्या गोष्टी लिहिल्या त्याला भुतांतलं शष्प कळत नाही. त्या मुंज्याला मिशा होत्या! मुंज होऊन लग्नाआधी मेलेला पोर म्हणजे मुंजा. मिशा फुटेपर्यंत जगला असता तर मुंजा कशाला झाला असता? आणि चकवा लागलेला माणूस सरळ नदीपर्यंत कसा चालत गेला? चकव्यात माणूस फिरून फिरून त्याच झाडाखाली येतो. मी स्वतः आलेली आहे, भर दुपारी, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन. सोबत सहा पानं जोडली आहेत, त्यात सगळं लिहिलंय. दौलतरावांना दाखव. माझं नाव सांगू नकोस.

सुमन


चिंचवड,
२ एप्रिल १९७८

ती. वन्सं,

पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. भाजी करपली. सुमेधाने विचारलं, रडतेस का, तर म्हटलं, मिशांमुळे.

दौलतरावांनी तुमची सहा पानं दोनदा वाचली आणि मिशीवाल्या मुंज्याच्या लेखकाला दुसऱ्या कार्यक्रमावर पाठवलं. बहुतेक शेतीच्या. चकव्याची गोष्ट मे महिन्यात होते आहे. नाव सांगू नका म्हणता, पण मानधनाची पावती द्यायला नाव लागतंच. तिथे ‘सुमनताई, देवरुख’ असं टाकलं आहे. पडद्यावरही तेच येणार. रागवायचं असेल तर आधी आणखी पानं पाठवा आणि मग रागवा.

यंदा मे महिन्यात आम्ही दोघी तिकडे येतो.

तुमची,
पद्मा


चिंचवड,
२७ ऑगस्ट १९८२

ती. वन्सं,

चार वर्षांत तुमच्या एकोणचाळीस गोष्टी झाल्या आणि आज कार्यक्रम संपल्याचं रीतसर पत्र आलं.

दौलतराव मे महिन्यातच निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांचं म्हणणं असं की आता रंगीत टीव्ही येतोय, नवा जमाना आहे, आपण लोकांना भुतं दाखवायची की ट्रॅक्टर? पेपरातही पत्रं आली होती, अंधश्रद्धा पसरते म्हणून. मी त्यांना म्हटलं, साहेब, सात वर्षांत माझ्यावर विश्वास ठेवणारा एकही माणूस मला भेटलेला नाही, सगळे हसतातच. ते म्हणाले, “तेच तर. धड भीतीही नाही.”

शेवटच्या दिवशी आक्काबाई रजेवर होत्या. माझा चेहरा मीच पुसला.

मला वाटलं होतं, फार वाईट वाटणार नाही. पण काल गुरुवार होता. संध्याकाळी मी नेहमीसारखी सदाशिवरावांच्या दारात जाऊन उभी राहिले. आत खतांवर काहीतरी चाललं होतं. खोलीत फक्त सदाशिवराव होते, तेही डुलक्या काढत होते. मी तशीच जिना चढून वर आले. पन्नाशी जवळ आली, वन्सं. सुमेधा लग्न होऊन नाशिकला गेली. उद्यापासून मी नुसती बोर्डावरची बाई. ‘नमस्कार, कोण हवंय?’

एवढं सगळं होतं कशासाठी, हेच कळेनासं झालं आहे. मी सात वर्षं एका काचेच्या डोळ्याकडे बघून बोलत होते. पलीकडे कोण होतं, ते कसे बसत होते, खरंच घाबरत होते का, मी कधी बघितलंच नाही.

तुमची,
पद्मा


देवरुख,
९ सप्टेंबर १९८२

चि. पद्मा,

त्या साहेबाला माझ्यासमोर आणून उभा कर. ट्रॅक्टर म्हणे! ट्रॅक्टर बघून कोणाचं पोर आईला बिलगलंय?

रडून झालं असेल तर ऐक. दोन कामं आहेत. एक, रोज नीट जेव. दुसरं, गेल्या वर्षी तू लिहिलं होतंस की चाकणकडच्या महाळुंग्याच्या शाळेचे मास्तर ज्योतीराम तुला बोलवायला दोनदा कंपनीत येऊन गेले आणि तू नाही म्हणालीस. रेकॉर्डिंग असतं म्हणून. आता काय असतं? जा. तिकडे काचेचा डोळा नाही. कोण कसं बसतं ते बघ आणि मला कळव.

माझ्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, नाहीतर मीच आले असते. सोबत गिऱ्ह्याची गोष्ट पाठवते. पाण्यातलं भूत आहे, खट्याळ आहे. ती मी टीव्हीसाठी राखून ठेवली होती. आता तू समोरासमोर सांग. आणि कुंकू लावून सांग. मोठं लाव.

सुमन


चिंचवड,
२३ जानेवारी १९८३

ती. वन्सं,

काल महाळुंग्याला जाऊन आले. चाकणपर्यंत एसटीने आणि पुढे ज्योतीराम मास्तरांच्या मोटारसायकलवर मागे बसून. पदर धरू की पिशवी धरू असं झालं होतं.

शाळा दोन खोल्यांची. पोरं मैदानात सतरंज्यांवर बसली होती, मागे आयाबाया, कडेला सायकली लावून बापे. दुपारचे तीन वाजलेले, लख्ख ऊन. मी मास्तरांना म्हटलं, एवढ्या उन्हात जखिणीला कोण घाबरणार? ते म्हणाले, “बाई, इथं टीव्ही कुणाकडंच न्हाई. पोरांनी तुम्हाला कधी बघितलेलं न्हाई.”

मी म्हटलं, “मग मला ओळखणार कसे?”

तेव्हा मंजुळाबाई म्हणून एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, “वळखत्यात की. आमचा मालोजी पिंपरीला कंपनीत हाय. बेस्तरवारी शिफ्ट सुटली की तिथल्या हाटेलात तुमचं बघायचा आन् घरी येऊन पोरास्नी सांगायचा. तुमच्यावानी आवाज काढून. निम्म्या गावाची पोरं आमच्या अंगणात बसायची. आता तुमचं बंद झालं, तरी पोरं सोडत न्हाईत. त्यो आपल्या मनानं सांगतो.”

मालोजी शेजारीच उभा होता. दणकट माणूस, मिशा भरघोस, आणि लाजून लाल झालेला. म्हणाला, “ताई, चुकलं असंल तर माफ करा. मला तुमच्यासारखं हसता येत न्हाई.”

मी खोलीत गेले. केस सोडले. निम्मे पांढरे झालेत, टोपाची गरज नाही. तुम्ही म्हणालात तसं मोठं कुंकू लावलं. उन्हात ते किती लाल दिसतं, वन्सं! बाहेर आले. मग पुढच्या रांगेतला एक मुलगा मोठ्याने म्हणाला, “हिला चष्मा हाय!” सगळे हसले. मीही हसले. पण मी माझं हसू हसले, आणि सगळ्यांचं थांबलं.

मग मी तुमचा गिऱ्हा सांगितला. वन्सं, मी बघितलं. तुम्ही सांगितलं होतं ना, बघून कळव म्हणून. गिऱ्हा पाण्यातून हात वर काढतो तिथे सगळी पोरं एकदम मागे सरकली, आणि पुढच्याच वाक्याला सगळी आधीपेक्षाही पुढे आली. तोंडं उघडी. एकाने दुसऱ्याचा सदरा गच्च धरलेला. मागच्या आयांनी पदर तोंडात घातलेले. मालोजीचे ओठ हलत होते, तो पाठ करत होता. मी सात वर्षं न बघितलेलं सगळं एका दुपारी बघितलं.

कडेला एक चार वर्षांची मुलगी होती. गिऱ्ह्याने बाईचा पाय धरला आणि मी जखिणीचं हसू हसले, तेव्हा ती ताडकन उठली. मला वाटलं, आता आईकडे पळणार. आई मागे लांब होती. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि सरळ धावत येऊन माझ्याच मांडीत शिरली. माझ्या सोडलेल्या केसांत तोंड लपवून बसली आणि म्हणाली, “त्या जखिणीला जायला सांग.”

मी म्हटलं, “सांगते हां.” आणि तिला धरून तशीच, अगदी हळू आवाजात, उरलेली गोष्ट पुरी केली.

तुमची,
पद्मा